हवा किती, पेट्रोल किती?

राइट बंधूंचा विषय निघाला की व्हॉट्सअॅपवर एक मजकूर हमखास पुढे सरकतो. १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडवले, ते पंधराशे फूट वर गेले आणि इंग्रजांनी हा इतिहास दडपला, असे त्यात असते. काही मजकुरांत न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड वाळूत उभे राहून हे सारे पाहत होते, असेही लिहिलेले असते. यावर हिंदी चित्रपटही येऊन गेला.

तळपदे हे काल्पनिक पात्र नव्हे. चिराबाजारात राहणारा, पाठारे प्रभू समाजातला, संस्कृत ग्रंथांत विमानविद्या शोधणारा हा माणूस होऊन गेला. १९१६ साली त्याचे निधन झाले. त्याच्या जिद्दीबद्दल मला आदरच आहे. पण त्याच्या नावाने फिरणाऱ्या मजकुरात इंजिनाविषयी जवळपास काही नसते. असलेच तर ‘पाऱ्याचे इंजिन’ एवढे दोन शब्द. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. तो तापवला कसा, ताकद किती मिळाली, यंत्राचे वजन किती होते, पहिल्या खेपेला काय बिघडले, दुसऱ्या खेपेला काय बदलले? या प्रश्नांची उत्तरे तिथे मिळत नाहीत.

हा प्रश्न माझ्यासारख्या नावाच्या माणसाने विचारला की त्याचा वेगळा अर्थ काढला जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी आपल्या घरातले सांगतो. आपल्या ग्रुपवर असाच एक मजकूर अब्बास इब्न फिर्नास यांच्याबद्दल फिरतो. नवव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबा शहरात त्यांनी पंख लावून उड्डाण केले, म्हणून पहिले वैमानिक मुसलमान, असा त्याचा सूर असतो. इब्न फिर्नास विद्वान होते, यात शंका नाही. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे. पण त्यांच्या उड्डाणाची सविस्तर हकीकत आपल्यापर्यंत येते ती सतराव्या शतकातल्या अल्-मक्करी या इतिहासकाराकडून, म्हणजे साडेसातशे वर्षांनंतर. त्यांच्या काळातला म्हणावा असा आधार एका कवीच्या ओळीचा. एवढ्या भांडवलावर ‘जगात पहिले’ अशी पाटी लावणे हा इतिहास नव्हे.

तरी त्या जुन्या हकिकतीतली एक गोष्ट मला आवडते. उतरताना इब्न फिर्नास यांना दुखापत झाली, कारण पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो हे त्यांच्या लक्षात आले नव्हते आणि त्यांनी शेपूट बसवली नव्हती, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे तिथे निदान काय चुकले ते सांगितलेले आहे. विमानाचा खरा इतिहास असाच, काय चुकले ते लिहून ठेवणाऱ्यांचा आहे. पंखाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज त्याहून लहान गोष्टीबद्दल लिहायचे आहे, इंजिनात जाणाऱ्या हवेच्या आणि पेट्रोलच्या प्रमाणाबद्दल. शंभर वर्षांपूर्वी हे प्रमाण साधले तर माणूस घरी परतत होता, फसले तर परतत नव्हता.

दहा बाय दहाची खोली आणि तीन लिटर पेट्रोल

नुसते पेट्रोल इंजिनात ओतून चालत नाही. त्याची वाफ हवेत नीट मिसळावी लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. हे आकारमानात पाहिले तर थक्क व्हायला होते. एक लिटर पेट्रोलला साधारण नऊ हजार लिटर हवा. लालबागच्या चाळीतली दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली डोळ्यांसमोर आणा. त्या खोलीभर हवेत जेमतेम तीन लिटर पेट्रोल जळेल. इंजिन खरे तर हवा पिते, पेट्रोल तिच्यात मिठासारखे असते.

हे मीठ घालण्याचे काम कार्बुरेटर करतो. एका अरुंद गळ्यातून हवा वेगाने ओढली जाते. गळ्यात दाब कमी होतो आणि बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोलचा फवारा हवेत उडतो. पेट्रोलची पातळी सारखी राहावी म्हणून शेजारी छोट्या डब्यात फ्लोट तरंगत असतो. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत बांकी व चोंका या दोघांनी १८९३ च्या सुमारास फवाऱ्याचा कार्बुरेटर तयार केला. चौपाटीची ती कथा ज्या वर्षाची सांगितली जाते, त्या वर्षी ही वस्तू दोन वर्षांची होती.

प्रमाण बिघडले की काय होते? पेट्रोल जास्त झाले, म्हणजे मिश्रण ‘रिच’ झाले, की धूर काळा येतो, प्लगवर काजळी बसते, इंजिन घुसमटते. पेट्रोल कमी पडले, म्हणजे ‘लीन’ झाले, की इंजिन जास्त तापते, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो, कार्बुरेटरमधून उलटे फटाके फुटतात. रस्त्यावर असे झाले तर गाडी कडेला लावता येते. आकाशात कडा नसते.

राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनात आजच्या अर्थाने कार्बुरेटर नव्हताच. त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर याने ते साधारण बारा अश्वशक्तीचे इंजिन सहा आठवड्यांत घडवले. पेट्रोल वरच्या छोट्या टाकीतून आपोआप खाली यायचे आणि तापलेल्या भागावर पसरून त्याची वाफ व्हायची. थ्रॉटल नव्हता. पेट्रोलची तोटी जमिनीवरच, उड्डाणाआधी बेताने फिरवून ठेवायची आणि मग जे होईल ते होईल. १७ डिसेंबरचे पहिले उड्डाण बारा सेकंदांचे, १२० फुटांचे. त्याच दिवशीचे चौथे ५९ सेकंदांचे, ८५२ फुटांचे. हे आकडे आज आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांनी ते मोजून लिहिले होते. त्यांच्याही आधी, मे १८९६ मध्ये, अमेरिकेतल्या लँग्ली यांनी वाफेच्या इंजिनावर माणसाशिवाय चालणारे यंत्र नदीवर सुमारे तीन हजार फूट उडवले. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल तिथे हजर होते आणि त्यांनी त्याचा फोटो काढला. म्हणजे माणूस नसलेले यंत्र त्या दशकात उडणे अशक्य नव्हते. फरक फक्त मागे काय उरले याचा आहे. तिथे फोटो आणि मोजमापे उरली, इथे आख्यायिका उरली.

एरंडेलाचा धूर

पहिल्या महायुद्धात हा प्रमाणाचा खेळ जिवावरचा झाला. त्या काळातल्या अनेक विमानांत ‘रोटरी’ इंजिन असे. त्यात आख्खे इंजिनच पंख्याबरोबर गरागरा फिरायचे. अशा इंजिनाला साधा थ्रॉटल पुरत नसे. वैमानिकाला हवा आणि पेट्रोल यांचे दोन वेगळे दांडे हाताने जुळवत राहावे लागायचे. ब्रिटिशांचे सॉपविथ कॅमल हे याचे प्रसिद्ध उदाहरण. जमीन सोडताना मिश्रण रिच हवे. पण वर चढू लागताच पेट्रोल थोडे कमी करावे लागे. नवशिक्या पोराने ते करायला क्षणभर उशीर केला की इंजिन घुसमटून बंद पडे, भरल्या टाकीचे विमान कोलमडे आणि गिरक्या घेत खाली येई. कॅमलवर लढाईत सुमारे ४१३ वैमानिक गेले आणि लढाईबाहेरच्या अपघातांत सुमारे ३८५. या दुसऱ्या आकड्यातले काही जण केवळ एका दांड्याच्या चुकीने गेले.

या इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल लागायचे. तेच एरंडेल, जे लहानपणी आई नाक दाबून पाजायची. पेट्रोलमध्ये ते सहज विरघळत नाही, म्हणून रोटरी इंजिनाला तेच सोसायचे. आत गेलेले एरंडेल धुरातून बाहेर उडे आणि वैमानिकाच्या तोंडावर, कपड्यांवर बसे. आणि जगाला एरंडीचे बी पुरवण्यात हिंदुस्थान आघाडीवर होता. मुंबई बंदरातूनही ते बाहेर जात असे. आपल्याकडे निष्फळ खटाटोपाला ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ म्हणतात. पण त्या एरंडावर युरोपचे आकाश लढले गेले.

कॅमल उडवणाऱ्यांत एक पगडीधारी शीख वैमानिक होता, हरदित सिंग मलिक. शत्रूच्या गोळ्या लागूनही तो वाचला. पुढे त्याला कॅमलमधल्या एरंडेलाचीच अॅलर्जी झाली आणि वेगळ्या इंजिनाच्या विमानावर जावे लागले. मुंबईचा श्रीकृष्ण चंदा वेलिंगकर मात्र परतला नाही. केंब्रिजला शिकलेला हा तरुण सॉपविथ डॉल्फिन विमानावर होता आणि जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेला. चौपाटीच्या कथेइतकी त्याची कथा मुंबईत सांगितली जात नाही, हे मला विचित्र वाटते. त्याची तर लष्करी नोंद आहे आणि फ्रान्समध्ये कबर आहे.

डॉल्फिन उंचावर लढणारे विमान. उंचीचा आणि मिश्रणाचा संबंध इथे समजून घ्यायला हवा. वर जावे तशी हवा विरळ होते. वीस हजार फुटांवर ती जमिनीवरच्या जवळपास निम्मी उरते. कार्बुरेटर मात्र पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही. म्हणजे जमिनीवर अगदी बरोबर लावलेले मिश्रण वर जाता जाता आपोआप रिच होते. म्हणून विमानात ‘मिक्स्चर’चा वेगळा दांडा आला. वर चढताना पेट्रोल कमी करायचे, उतरताना आठवणीने पुन्हा वाढवायचे. विसरलात तर जमिनीजवळ आल्यावर इंजिन उपाशी पडते.

तपासायचे कसे?

आज हे काम सेन्सर आणि संगणक करतात. तेव्हा डोळे, कान आणि बोटे होती. इंजिन मजबूत चौकटीला बांधून चालवायचे. जेट काढून त्यातून एका मिनिटात किती पेट्रोल जाते ते मोजपात्रात मोजायचे. मग लहान-मोठे जेट बदलून फेऱ्यांचा काटा पाहायचा. पेट्रोल हळूहळू कमी करत गेले की आधी फेरे किंचित वाढतात, मग पडू लागतात. ते पडायला लागले की थोडे मागे यायचे, रिचच्या बाजूला. इंजिन सगळ्यात ‘गोड’ चालते ती जागा आणि इंजिन सगळ्यात सुरक्षित राहते ती जागा यात एवढे अंतर ठेवायचे.

दुसरी परीक्षा ज्योतीची. संध्याकाळी अंधार पडताना इंजिन चालवायचे आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी पाहायचे. लालसर-पिवळी, काजळी सोडणारी ज्योत म्हणजे पेट्रोल जास्त. आखूड निळसर ज्योत म्हणजे बरोबर. मधेच कार्बुरेटर शिंकू लागला तर पेट्रोल कमी. तिसरी परीक्षा प्लगची. इंजिन बंद करून प्लग काढायचा. काळा असेल तर रिच, पांढुरका असेल तर लीन, बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. गाडीच्या मिस्त्रीला हे आजही पाठ असते. प्लग हे इंजिनाचे आतून आलेले पत्र आहे, फक्त वाचता यायला हवे.

जुहूची चिखलजमीन

आता मुंबईत येऊ. जुहूला १९२८ साली विमानतळ सुरू झाला आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबची छोटी ‘मॉथ’ विमाने तिथून उडू लागली. फेब्रुवारी १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता एक. या मॉथ विमानांत चार सिलिंडरांचे, हवेवर थंड होणारे ‘जिप्सी’ इंजिन असे. ते सुरू करण्याची रीत वाचली तर जुन्या स्कूटरची आठवण येते. कार्बुरेटरवरची छोटी खुंटी दाबून पेट्रोल ठिबकेपर्यंत तो भरायचा, स्विच बंद ठेवून पंखा हाताने काही वेळा फिरवायचा म्हणजे मिश्रण सिलिंडरांत ओढले जाते, मग स्विच चालू करून एक झटका द्यायचा आणि हात मागे घ्यायचा. हात मागे घ्यायला उशीर परवडत नसे.

याच सुमारास तिसरे आगाखान, सर सुलतान मुहम्मद शाह यांनी एक बक्षीस जाहीर केले. इस्माइली खोजांचे हे इमाम, मुंबईत वाढलेले. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा हिंदुस्थान ते इंग्लंड हे अंतर एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. १९३० साली तिघे यासाठी निघाले. मनमोहन सिंग, जे. आर. डी. आणि अवघ्या सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर. जे. आर. डी. कराचीहून पश्चिमेला चालले होते, अस्पी इंग्लंडहून पूर्वेला. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये अबुकीरला. अस्पी तिथे अडकून पडला होता, त्याला स्पार्क प्लग हवे होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. अस्पीने शर्यत जिंकली आणि जे. आर. डी. काही तासांनी हरले. पुढे हाच अस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. ही गोष्ट मोठ्या मनाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिच्या केंद्रस्थानी बोटभर लांबीचा प्लग आहे, हे विसरू नये. एकट्याने वाळवंट ओलांडणाऱ्याला आपल्या इंजिनाचे प्लग स्वतः काढता, वाचता, बदलता यावे लागत.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टपालाची थैली घेऊन पस मॉथ विमानाने निघाले. इंजिन एकच, १२० अश्वशक्तीचे. रेडिओ नाही. अहमदाबादला पेट्रोल भरले. ते चार-चार गॅलनच्या डब्यांतून, बैलगाडीने विमानापर्यंत आले होते. दुपारी पावणेदोननंतर ते जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. आपल्या नागरी हवाई वाहतुकीची ही सुरुवात मानली जाते.

डब्यातले पेट्रोल म्हणजे काय भानगड असते, हे पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. डब्यात दमट हवा राहिली की रात्री आत पाणी सुटते. गंजाचा कण, पाण्याचा एक थेंब जेटच्या छिद्रात बसला की पुढचे सगळे गणित संपले. म्हणून त्या काळात टाकीत पेट्रोल ओतताना ते मऊ कातड्यातून गाळून घेत. कातडे पेट्रोल सोडते आणि पाणी अडवते.

मुंबईच्या हवेची स्वतःची खोड आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांना हीच दमट हवा मानवली, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. कार्बुरेटरला मात्र ती त्रास देते. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते आणि गळ्यातले तापमान वीस अंशांनी किंवा त्याहूनही जास्त खाली जाऊ शकते. हवा दमट असेल तर बाहेर पंचवीस अंश असतानाही कार्बुरेटरच्या आत बर्फ जमतो. मुंबईच्या आकाशात, घाम फुटत असताना, इंजिनाच्या घशात बर्फ! म्हणून त्याला गरम हवा देण्याची सोय करावी लागते. उन्हाळ्यात याच्या उलट. तापलेली हवा विरळ, म्हणजे मिश्रण रिच आणि ताकद कमी. शिवाय पेट्रोल नळीतच उकळून अडते. इंग्लंडमध्ये लावून दिलेला जेट इथे बारा महिने तसाच चालेल, असे समजणारा वैमानिक फार दिवस टिकला नसता.

जुहूची पट्टी पावसात चिखलाखाली जायची, म्हणून टाटांचा हा संसार पावसाळ्यात पुण्याला, येरवड्याजवळ हलत असे. अशा परिस्थितीत १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या विमानांनी एक लाख साठ हजार मैल उड्डाण केले, १५५ प्रवासी आणि पावणेअकरा टनांच्या आसपास टपाल वाहिले. एक इंजिन, चार सिलिंडर आणि एक लाख साठ हजार मैल. या आकड्यात वैमानिकाच्या धाडसाइतकाच वाटा रोज संध्याकाळी प्लग काढून त्यांचा रंग पाहणाऱ्या हातांचा आहे.

जगात इतरत्रही हीच गोष्ट दिसते. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांचे मर्लिन इंजिन नाक खाली करून सूर मारताच अडखळे, कारण कार्बुरेटरमधला फ्लोट गडबडायचा. आधी पेट्रोल कमी पडे, मग एकदम पूर येई. जर्मन विमानांत पेट्रोल थेट सिलिंडरात सोडत, त्यांना हा त्रास नव्हता. फार्नबरोच्या प्रयोगशाळेत बिॲट्रिस शिलिंग या महिला इंजिनिअरने पेट्रोलच्या वाटेत एक छोटी भोकाची चकती बसवली. जास्तीत जास्त ताकदीला लागेल तेवढेच पेट्रोल तिच्यातून जाई. १९४१ मध्ये ती स्वतः विमानतळांवर जाऊन चकत्या बसवून घेत होती. मोठा शोध नाही, नाण्याएवढी चकती. पण ती मोजून केलेली होती.

मिस्त्रींची वही

आता पुन्हा सुरुवातीच्या मुद्द्याकडे. ‘वैमानिकशास्त्र’ नावाचा जो ग्रंथ प्राचीन म्हणून पुढे केला जातो, तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली तपासला. त्यांनी त्याची टर उडवली नाही. आकृत्या घेतल्या, वजने पाहिली, नियम लावले आणि सांगितले की हा मजकूर १९०४ नंतरचा आहे आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत. एखाद्या दाव्याचा याहून मोठा मान राखता येत नाही. तरीही २०१५ साली मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांवर भाषण झाले. आपल्याकडेही इब्न फिर्नास यांचा संदेश थांबलेला नाही.

मला या दोन्ही मजकुरांचा राग येत नाही, वाईट वाटते. मोठेपणा शोधायला लोक हजार-दोन हजार वर्षे मागे जातात आणि घरातला माणूस दिसत नाही. नागपाडा, मदनपुरा, कुर्ला, ऑपेरा हाऊसजवळचा मोटारीच्या सुट्या भागांचा बाजार. इथे तीन-चार पिढ्या इंजिने उघडणारे मिस्त्री झाले. त्यात आपली माणसे पुष्कळ. आमच्या मोहल्ल्यात एक वयस्कर मिस्त्री होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. काळी-पिवळी फियाट आली की बॉनेट उघडायच्या आधी ते तिच्या मागे जाऊन उभे राहत. धुराचा वास घेत, सायलेन्सरच्या तोंडावरून बोट फिरवून काजळी पाहत आणि पोराला सांगत, “पाव फेरा.” स्क्रू पाव फेरा फिरला की इंजिनाचा आवाज बदलायचा. जुहूला जिप्सी इंजिनापाशी उभ्या असलेल्या मेकॅनिकचे काम याहून वेगळे नव्हते. विद्या तीच, इंजिन वेगळे.

पण उस्तादांनी काही लिहिले नाही. त्यांचा शागिर्द सीएनजीवर गेला, त्याचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. कार्बुरेटरवर चालणाऱ्या नव्या गाड्या केव्हाच बंद झाल्या. प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. १९३२ च्या उड्डाणाची गोष्ट सांगताना वैमानिकाचे नाव येते, इंजिन तपासणाऱ्याचे येत नाही. आपण ते लिहून ठेवत नाही आणि मग शंभर वर्षांनी कुणीतरी आपल्या नातवांना सांगेल की तुमचा या शहराच्या यंत्रांशी काही संबंध नव्हता. तेव्हा दाखवायला काय असेल? व्हॉट्सअॅपचा संदेश?

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात कुणी विमानतळावर, गिरणीत, रेल्वेच्या कारखान्यात, गॅरेजमध्ये फिटर किंवा मिस्त्री होते का? त्यांचे ओळखपत्र, जुनी पगारचिठ्ठी, पान्यांची पेटी, हिशेबाची वही असेल तर फेकू नका. ते हयात असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि बारीक गोष्टी विचारा. कोणत्या साली, कोणत्या इंजिनावर, कोणता जेट घातला, काय बिघडले, कसे सुधारले. उत्तर मिळेल तसे लिहा, चुकांसकट. वर तारीख टाका.